शुक्रवारचे आठ वॅट

पृथ्वी सूर्याकडून जेवढी उष्णता घेते, जवळजवळ तेवढी तिला परत द्यावी लागते. जमिनीवरून, समुद्रावरून, ढगांच्या माथ्यावरून ही उष्णता सतत अवकाशात जात असते. आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही, उपग्रहांना दिसते. उपग्रहाच्या आकड्यांवरून ती किती जाते हे काढायचं, ही माझी नोकरी. माझी आई नातेवाइकांना हे एका वाक्यात सांगते, "निर्मला ऊन मोजती, पण माघारी जाणारं." इतक्या वर्षांत मला याहून चांगली व्याख्या करता आलेली नाही. एकदा संस्थेच्या वार्षिक अहवालात मी तिचंच वाक्य जरा अवघड करून घातलं होतं, आणि ते सगळ्यांना आवडलं होतं.

उपग्रहावर विश्वास ठेवायचा तर त्याची अधूनमधून जमिनीवरून पडताळणी करावी लागते. त्यासाठी जागा लागते ती सपाट आणि मोकळी. आसपास झाडी नको, पाणी नको, आणि आभाळ बहुतेक दिवस निरभ्र हवं. २०१५ साली पुण्याच्या आमच्या संस्थेत अशा जागेचा विषय निघाला तेव्हा मी लगेच हात वर केला आणि माझ्या आजोळचं नाव सांगितलं. बोरजाई, केज तालुका, नांदूरघाटाच्या पलीकडे. तिथं झाडं नाहीत, पाणी नाही आणि ढगही नाहीत, हे मी ज्या उत्साहानं बैठकीत मांडलं, तो उत्साह बोरजाईतल्या कुणी पाहिला असता तर मला गावात पाऊल टाकू दिलं नसतं. पावसानं दगा दिल्याचं ते सलग दुसरं वर्ष होतं. संस्थेनं मात्र जागा आदर्श ठरवली.

गावात महिलांची सहकारी दूध संस्था आहे. तिच्या इमारतीमागं संस्थेचाच मोठा मुरमाड माळ आहे. तो कधीकाळी दूध शीतकरण केंद्रासाठी घेतलेला. केंद्र आलं नाही, त्याचा फलक तेवढा आला. मी संस्थेच्या अध्यक्षा केशरबाईंना भेटायला गेले. आईच्या माहेरचं गाव, म्हणून मी त्यांना मावशी म्हणते आणि गावासारख्याच त्याही मला भाचीबाई म्हणतात. मी त्यांना पृथ्वीच्या उष्णतेचा जमाखर्च समजावून सांगितला. त्या इतक्या लक्ष देऊन ऐकत होत्या की दहा मिनिटांत उरकायचं ते मी तासभर सांगितलं. शेवटी त्यांनी दोनच प्रश्न विचारले. हे काम सरकारी आहे का? मी हो म्हटलं. पत्रावर गोल शिक्का असतो का? मी त्यालाही हो म्हटलं. त्यांनी तिथल्या तिथं माळाचा मधला तुकडा देऊन टाकला. खेड्यातल्या बाईची ही विज्ञानाबद्दलची ओढ पाहून मी भारावून गेले, आणि परतीच्या एसटीत ते आईला फोन करून सांगितलंसुद्धा. आई नुसती "हूं" म्हणाली. केशरबाई आणि ती एका वर्गात होत्या.

सप्टेंबरात आम्ही यंत्र बसवलं. एका खांबाला छातीच्या उंचीवर आडवा दांडा, दांड्याला दोन उष्णतामापी. एकाचं तोंड आभाळाकडं, दुसऱ्याचं जमिनीकडं. प्रत्येकावर काळपट, चकचकीत, उपडी घातलेल्या वाटीएवढा घुमट. वरची वाटी आभाळातली हवा जमिनीकडं किती उष्णता परत पाठवते ते मोजते, खालची वाटी जमीन वर किती सोडते ते मोजते. दोन्हींवरून वातावरणाच्या माथ्यावरून किती उष्णता निसटत असेल याचा हिशोब मांडायचा आणि तो उपग्रहाच्या आकड्याशी ताडून पाहायचा. यंत्राचं खरं नाव गावात कुणाच्या जिभेवर बसण्यासारखं नव्हतं, त्यामुळं सगळे त्याला वाटीच म्हणू लागले. आता मीही म्हणते.

वाटीची देखभाल दूध संस्थेचे सचिव सुग्रीव यांच्याकडं दिली. दर सोमवारी सकाळी वाटी मऊ फडक्यानं आणि बाटलीतल्या शुद्ध पाण्यानं पुसायची, आणि तिच्यावर धूळ, पाखरांची घाण, कोळ्याचं जाळं किंवा ओरखडा दिसला तर मला कळवायचं, एवढंच काम. सुग्रीव काटेकोर माणूस. दर सोमवारी न चुकता त्यांचा निरोप यायचा, "वाटी पुसली. धूळ न्हाई. घाण न्हाई. जाळं न्हाई. वरखडा न्हाई." असा माणूस पुण्यात मिळत नाही, हे मी आमच्या संस्थेत चारचौघांना ऐकवत असे.

सगळं सुरळीत चाललं होतं. वाटी आणि उपग्रह यांचं छान जुळत होतं, म्हणजेच शोध लावण्यासारखं काही नव्हतं. दसऱ्यानंतर मात्र वरच्या वाटीच्या आलेखात एक विचित्र गोष्ट दिसू लागली. दर शुक्रवारी दुपारी आभाळाकडून येणारी उष्णता एकदम वर चढायची, दर चौरस मीटरला साधारण आठ वॅट. शनिवार-रविवारी ती थोडी थोडी उतरायची आणि सोमवारी सकाळी पुन्हा पहिल्या पातळीवर यायची. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. महिनाभर हे पाहिल्यावर मी कपाटातला जुना झब्बा झटकून इस्त्रीला टाकला. शोधनिबंध वाचायला जाताना मी तोच घालते.

निसर्गात सात दिवसांचं चक्र नसतं. आठवडा माणसानं केलेला आहे, म्हणून असं चक्र दिसलं की कारण माणसांत शोधायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. बोरजाईचा आठवडी बाजार शुक्रवारी भरतो. सगळे धागे माझ्या डोक्यात आपोआप जुळले. कोरड्याठाक मातीतून जीपगाड्या, जनावरं आणि माणसं बाजाराला येतात, धूळ उठते, वारा नसल्यानं ती हवेत तरंगत राहते आणि वर निघालेली उष्णता अडवून खाली पाठवते. दोन दिवसांत ती हळूहळू बसते आणि सोमवारी हवा स्वच्छ होते. दसऱ्याआधी हे दिसत नव्हतं, कारण तोवर मातीत थोडी ओल असणार. प्रत्येक शंकेला माझ्याकडं उत्तर तयार होतं. सोमवारी सकाळी सुग्रीव वाटी पुसतात, हेही मी तपासलं. पण वाटीवर धूळ नसते, घाण नसते, जाळं नसतं असं तेच लेखी कळवत होते. तेव्हा पुसण्याचा याच्याशी संबंध नाही असं मी शास्त्रशुद्ध रीतीनं ठरवून टाकलं.

एकच अडचण होती. उपग्रहाला हे चक्र दिसत नव्हतं. त्याच्या आलेखाची रेघ शुक्रवारीही तशी आणि मंगळवारीही तशीच. यावर शंका घेण्याऐवजी मी टिपणात लिहिलं की उपग्रहाच्या गणितात स्थानिक धुळीचा विचार अपुरा झालेला दिसतो. म्हणजे अवकाशात सोडलेला तो उपग्रह चुकत होता आणि बोरजाईचा बाजार बरोबर होता.

आमचे विभागप्रमुख डॉ. नाफडे यांनी टिपण वाचून चष्मा काढला. "निर्मला, आभाळाला वार कळत नाही," ते म्हणाले.

"माणसांना कळतो, सर."

हे उत्तर मला इतकं आवडलं की पुढचे कितीतरी दिवस मी ते मनात घोळवत होते. नाफडे सरांनी सांगितलं की जानेवारीअखेरपर्यंत जागेला कुणाचा हात लागू न देता मोजमाप चालू ठेवायचं, स्वतः जाऊन बाजाराची धूळ मोजून यायची आणि मग फेब्रुवारीच्या बैठकीत हे मांडायचं.

त्याच सुमाराला केशरबाईंचा फोन आला. गावातला कडबा संपला होता. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतरच निघून गेली होती आणि मागं म्हातारी माणसं आणि दुभती जनावरं तेवढी उरली होती. तालुक्यात चारा छावण्या मंजूर होत होत्या. बोरजाईत छावणीला जागा एकच, दूध संस्थेचा माळ. टँकर जाईल असा रस्ता दुसऱ्या कुठल्या मोकळ्या जागेला नव्हता. साखर कारखान्याचे एक संचालक आहेत, बबनराव. त्यांच्या संस्थेला छावणीची मंजुरी मिळालीही होती आणि ते माळ मागत होते. "आता तुमच्या वाटीचं कसं करायचं, भाचीबाई?" केशरबाईंनी विचारलं. आवाजात काळजी होती. निदान मला तरी ती काळजीच वाटली.

मी तीन पानी पत्र लिहिलं. यंत्राच्या भोवती जनावरं, वाहनं, चाऱ्याच्या गंजी यांतलं काही आलं तर निरीक्षणं निकामी होतील आणि एक महत्त्वाचा शोध अर्धवट राहील, तरी काम संपेपर्यंत माळ आहे तसा ठेवावा, अशी विनंती केली आणि खाली गोल शिक्का उमटवला. गावकरी चिडतील म्हणून मी मनाची तयारी करून बसले होते. उलट केशरबाईंनी ते पत्र प्लास्टिकमध्ये घालून संस्थेच्या दारावर लावलं आणि एक प्रत तहसीलला दिली. डबा खाताना मी सहकाऱ्यांना म्हटलं की दुष्काळात होरपळणारं गावसुद्धा मूलभूत संशोधनाचं मोल जाणतं. एकीनं आपल्या डब्यातला लाडू मला दिला.

आईला मात्र हे मोल पटलेलं नव्हतं. तिनं फोनवर सांगितलं की भिवरामामीकडं एक म्हैस राहिली आहे. माझा मामा गेला, मामेभाऊ आणि त्याची बायको ऊसतोडीला लांबच्या कारखान्यावर, आणि सगळ्यात जवळची छावणी तीन गावं पलीकडं. छावणीत जनावराबरोबर माणसानं राहावं लागतं, आणि मामीच्या गुडघ्यांना ते जमण्यासारखं नाही. माळावर छावणी झाली तर म्हैस राहील, नाहीतर विकावी लागेल. मी विचारलं, म्हैस जानेवारीअखेरपर्यंत थांबू शकेल का?

"म्हशीला इचारून सांगते," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

जानेवारीतल्या शेवटच्या आठवड्यात मी धूळमापक घेऊन बोरजाईला गेले. शुक्रवार होता, बाजार भरलेला होता. हातात धरायचं ते लहानसं यंत्र घेऊन मी भाजीवाल्यांपासून सुरुवात केली. भाजी थोडीच होती आणि धूळही थोडीच होती. बाजारात आलेलं माणूस जमिनीला पाय लावत नव्हतं की काय कोण जाणे, आकडा वर जाईना. पुण्यात माझ्या गल्लीत सकाळी झाडलोट होते तेव्हा याच्या दुप्पट धूळ उडते. शिवाय जो काही वारा होता तो माळाकडून बाजाराकडं येत होता. बाजाराची धूळ माळावर जायची तर तिला उलट दिशेनं चालत जावं लागलं असतं. मी यंत्रच बिघडलं असेल असं समजून ते दोनदा बंद करून चालू केलं.

बाजाराचा अर्धा भाग जनावरांचा होता. तिथं तरी धूळ असेल म्हणून मी गेले, तर एका टेम्पोच्या सावलीत भिवरामामी म्हशीचा दोर हाताला गुंडाळून बसलेली. तिनं आधी माझ्याकडं आणि मग माझ्या हातातल्या यंत्राकडं पाहिलं.

"आता काय मोजायलीस?"

"धूळ."

"मोज. फुकट हाय," ती म्हणाली आणि पदरानं म्हशीच्या डोळ्यावरच्या माश्या हाकलल्या. मी म्हटलं, मामी, म्हैस कशाला आणलीस, थोडे दिवस थांबायचं. ती काही रागावली नाही. पावसापाण्याचं सांगावं तसं सरळ तिनं सांगितलं, "वाटी हलली तर छावणी व्हनार. तुझी वाटी काय हलंना. मग म्या हिला हलवली."

गिऱ्हाईक सकाळीच येऊन गेलं होतं. त्यानं सांगितलेला भाव तिला परवडणारा नव्हता. तो दुपारच्या चहानंतर पुन्हा येणार होता आणि तेव्हा तिला हो म्हणावं लागणार होतं. मी तिला म्हटलं, तोवर देऊ नकोस, मी केशरमावशींशी बोलून येते. नेमकं काय बोलणार होते ते मला माहीत नव्हतं. धूळ सापडली नव्हती, पण शोध अजून सोडवत नव्हता. चालता चालता मी नवीन कारण शोधत होते. इथल्या कारखान्याचं धुराडं? ते तर यंदा बंदच होतं.

संस्थेत शिरले तर दारातच छबुबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या. दूध मोजून घ्यायचं आणि भांडी धुवायची, ही त्यांची कामं. त्यांनी दुधाच्या काट्याला हळदीकुंकू लावलं, मग फॅट काढायच्या यंत्राला, मग दूध गार करायच्या टाकीला, जनरेटरला आणि कॉम्प्युटरला. प्रत्येकासमोर थांबून हात जोडले. मग मागचं दार उघडून त्या माळावर निघाल्या. मी धूळमापक हातात धरून त्यांच्यामागं गेले.

खांबापाशी पोचल्यावर छबुबाईंनी जरा पुढं वाकून वरच्या वाटीच्या बरोबर मधोमध बोट टेकवलं. आधी हळद, मग तेलात कालवलेलं कुंकू. वर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले.

मी विचारलं, हे केव्हापासून? त्यांनी सांगितलं, खंडेनवमीपासून. त्या दिवशी संस्थेतल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली, मग वाटीनंच काय घोडं मारलंय? आणि तेव्हापासून दर शुक्रवारी लक्ष्मीचा वार म्हणून सगळ्यांबरोबर तिलाही. आधी कोरडं लावत होत्या, पण ते माळावरच्या वाऱ्यानं उडून जायचं. तेलात कालवलेलं रविवारपर्यंत टिकतं. मी खालच्या वाटीबद्दल विचारलं.

"ती खाली बघती. तिला कशाला?" छबुबाई म्हणाल्या.

मी सुग्रीवांना हाक मारली. ते फडकं झटकत आले. दर सोमवारी वाटीवर कुंकू असायचं ना, असं विचारलं तर हो म्हणाले. मग कळवलं का नाही? सुग्रीवांचा चेहरा प्रथमच जरा कडक झाला.

"म्याडम, तुमी घाण कळवायला सांगितलीवती. कुंकू घाण हाय व्हय?"

मी खांबाला टेकून तिथंच खाली बसले आणि मनात हिशोब केला. बोटभर कुंकवानं वाटीचा साधारण बारावा भाग झाकला जातो. निरभ्र आभाळ आणि उन्हात तापलेलं कुंकू यांच्याकडून येणाऱ्या उष्णतेतला फरक शंभर वॅटच्या आसपास. शंभराचा बारावा भाग आठ. शनिवार-रविवारची उतरण म्हणजे वाऱ्यानं उडणारा भुगा. सोमवार म्हणजे सुग्रीव. माझ्या सगळ्या आयुष्यात सिद्धान्त आणि निरीक्षण यांचा इतका सुरेख मेळ कधी बसला नव्हता. उपग्रह पहिल्यापासून बरोबर होता आणि मी तीन महिने छबुबाईंचं बोट मोजत होते.

केशरबाई आत कपबशीतून चहा पीत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं की आत्ताच्या आत्ता वाटी काढते, माळ मोकळा झाला, छावणी सुरू करा. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी उठून दार लोटलं.

"कुनाला सांगितलं न्हाई ना अजून?"

मग त्यांनी मला माझा जमाखर्च समजावून सांगितला, आणि तासभर न घेता. माळ आज मोकळा झाला की संध्याकाळपर्यंत बबनरावांचा चारा तिथं येऊन पडणार, कारण मंजुरी त्यांच्या हातात होती. मागच्या दुष्काळात त्यांनी छावणी चालवली होती. त्यांच्या कागदावरची जनावरं लई धष्टपुष्ट होती आणि माळावरची उपाशी. दूध संस्थेच्या निवडणुकीत ज्यांनी त्यांच्या बायकोला मत दिलं नाही, त्यांच्या दावणीला पेंढी येत नव्हती. भिवरामामी त्यांतलीच. म्हणून या वेळी छावणी दूध संस्थेच्याच नावानं व्हावी अशी दरखास्त केशरबाईंनी बीडला दिली होती. ती सगळ्या टेबलांवरून पुढं सरकली होती आणि सही मंगळवारी होणार होती. तोवर माळ अडवून धरायला त्यांच्याकडं एकच गोष्ट होती.

"तुमचं पत्र, भाचीबाई. ते मंगळवारपतोर खरं राहू द्या."

शेतात बुजगावणं उभं करतात तेव्हा त्याला जुना सदरा घालतात. मला गोल शिक्का घातलेला होता. पहिल्या भेटीतल्या माझ्या व्याख्यानात केशरबाई इतकं लक्ष देऊन काय ऐकत होत्या, ते मला आता उमगलं. आमच्यासारखी सही-शिक्क्याची माणसं किती उपयोगी पडतील हे त्या मोजत होत्या, आणि त्यांचं मोजमाप माझ्यापेक्षा अचूक निघालं होतं.

मी म्हटलं की मी खोटं लिहीत नाही, बोलतही नाही. मुद्दाम चुकीचा आकडा मी आजवर कुणाला दिलेला नाही. न कळत दिलेल्यांची गोष्ट वेगळी. आणि भिवरामामीची म्हैस तर आज दुपारीच जाईल, मंगळवारी नाही. केशरबाईंनी छबुबाईंना बोलावून आपल्या घरच्या गंजीतला कडबा मंगळवारपर्यंत मामीला पोचवायला सांगितलं. मी विचारलं, मग आधीच का नाही दिला? "भिवरानं मागितला कुटं? ती मरंल पन मागायची न्हाई," त्या म्हणाल्या. छबुबाई बाजाराकडं निघणार इतक्यात बाहेर जीप थांबली. पुण्याची मॅडम आलीय ही बातमी बबनरावांपर्यंत पोचली होती.

बबनराव थेट माळावरच गेले. आम्हीही गेलो. पांढरेशुभ्र कपडे, बोटांत अंगठ्या, बोलणं एकदम गोड. मला नमस्कार करून म्हणाले, गावाची भाची एवढी मोठी शास्त्रज्ञ झाली, आम्हाला अभिमान आहे. मग गोडीतच विचारलं, "म्याडम, काम उरकलं असंल ना आता तुमचं?"

हो म्हटलं असतं तर माळ त्यांचा. नाही म्हटलं असतं तर खोटं. केशरबाई माझ्याकडं पाहत नव्हत्या, त्या पदराची किनार सरळ करत होत्या. मी वाटीकडं पाहिलं. तिच्या बुडाशी असलेला छोटा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"यंत्र चालू आहे," मी म्हटलं. हे खरं होतं.

"मंग, घावलं का काई?"

मी त्यांना निरीक्षण सांगितलं. दसऱ्यापासून दर शुक्रवारी दुपारी या ठिकाणी वरून येणारी उष्णता वाढलेली दिसते. रविवारपर्यंत टिकते, सोमवारी नाहीशी होते. एकही शुक्रवार चुकलेला नाही. आसपास कुठं असं होत नाही, आणि उपग्रहालाही हे दिसत नाही. यातला शब्दन् शब्द खरा होता. मी फक्त कारण गाळलं होतं.

बबनरावांचा चेहरा बदलला. त्यांनी वाटीकडं पाहिलं. काळा चकचकीत घुमट, त्यावर ताजं कुंकू, झेंडूचं फूल, उतरतं ऊन.

"दर सुक्कीरवारी?"

"दर शुक्रवारी."

"कावून?"

"कारण आम्ही अजून जाहीर केलेलं नाही."

त्यांनी पायातल्या चपला काढल्या. छबुबाईंच्या हातातलं ताट मागून घेतलं, बोट कुंकवात बुडवलं आणि वाटीला लावलं. डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले. मग चपला घालत केशरबाईंना बजावलं, "जागा हलवू नका बरं का. आमची छावणी आमी दुसरीकडं बघतो." जणू इतके दिवस वाटीचं रक्षण तेच करत होते. जीप गेली. केशरबाईंनी पदर पुन्हा एकदा सरळ केला आणि म्हणाल्या, चहा गार झाला असंल.

बाजारात पोचले तेव्हा गिऱ्हाईक येऊन बसलेलं होतं आणि मामी त्याला भाव वाढवून मागत होती. मी म्हटलं, म्हैस घरी ने, मंगळवारपासून छावणी आहे, तोवर केशरमावशींचा कडबा येतोय. मामीनं माझ्या तोंडाकडं खूप वेळ पाहिलं, खरं बोलते की पुण्याचं बोलते ते ठरवत असल्यासारखं. मग गिऱ्हाइकाला म्हणाली, "जा बाबा. भाची म्हनायली न्हाई." आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. दोर तिनं माझ्याकडं दिला. म्हशीनं मला घरापर्यंत ओढत नेलं आणि वाटेत धूळमापक एका चारीत पडला. तो बहुतेक अजूनही तिथंच असेल, आणि धूळ मोजायला ती जागा चांगली आहे.

मंगळवारी सही झाली. सुग्रीव आणि मी वाटी उतरवून संस्थेच्या गच्चीवर नेली आणि माळावर छावणी उभी राहिली. मामीची म्हैस पहिल्या रांगेत बांधली होती. सुग्रीवांच्या सूचनांमध्ये मी एक ओळ वाढवली. हळद, कुंकू, फुलं, अक्षता यांना घाण न म्हणता कळवावं.

पुण्याला आल्यावर नाफडे सरांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे मला जास्त लागलं. त्यांनी फक्त तीन महिन्यांचा आलेख मागवून टेबलावर पसरला. उपग्रहाची रेघ दसऱ्यापासून जानेवारीपर्यंत सरळ गेली होती. त्याचा एक ठिपका म्हणजे खाली आख्खी पंचक्रोशी. त्यात बाजार, माळ, छावणी, छबुबाई आणि मी, कुणीच दिसत नाही. त्या सरळ रेघेवर माझ्या वाटीची रेघ दर शुक्रवारी पायरी चढत आणि सोमवारी उतरत गेलेली.

"हे काय?" सरांनी शेवटच्या शुक्रवारवर पेन्सिल टेकवली. त्या दिवशी एकीऐवजी दोन पायऱ्या होत्या. पहिली नेहमीची, आठ वॅटची. दुसरी थोड्या वेळानं, तिच्यावर आणखी अकराची.

मी त्यांना सांगितलं की बबनरावांचं बोट जाड आहे.